खत झाडाला द्या, वहाळाला नको

मृगाच्या सरी सुरू झाल्या की हापूसच्या बागांत खत घालायची घाई उडते. वेळ बरोबर आहे, पण त्या दिवशीचा हवामानाचा अंदाज आधी बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर खताची पिशवी उघडू नका. जांभ्याच्या कातळउतारावर फेकलेला युरिया एका मुसळधार सरीत विरघळून वहाळात उतरतो आणि तिथून खाडीत. ज्या खाडीतल्या तिसऱ्या-कालवांवर, म्हणजे शिंपल्यांवर, आपल्याच गावातली घरं चालतात, तिच्यात आपले पैसे असे वाहून जाऊ नयेत.

खत बुंध्याशी ओतू नका. झाडाच्या घेराच्या कडेपासून थोडं आत वीतभर खोल गोल चर काढा, त्यात शेणखत आणि रासायनिक खत घालून मातीने बुजवा. उतारावर झाडाच्या खालच्या अंगाला दगडमातीचा अर्धगोल बांध हवाच. बागेतलं रान तणनाशकाने जाळून उतार उघडा पाडू नका. ते कापा आणि आळ्यात पसरा, माती जागेवर राहते. बांधावर वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात. सोबत गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलंत तर त्याचा पाला भाताच्या चिखलणीत गाडायला मिळतो.

भातात सर्वात जास्त फरक पडतो तो युरिया-डीएपी ब्रिकेटने, म्हणजे ही दोन खतं एकत्र दाबून केलेल्या गोळीने. लावणी चौकटीत करायची आणि त्याच दिवशी चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. नत्र मुळांशी हळूहळू सुटतं, वरच्या पाण्यात फार कमी उतरतं. मजूर जास्त लागतो हे खरं, तरी माझ्या मते कोकणच्या पावसात याहून चांगला उपाय नाही. युरिया फेकूनच द्यायचा असेल तर आधी खाचरातलं पाणी कमी करा आणि नंतर दोन-तीन दिवस बांधाचं तोंड बंद ठेवा.

शेणखड्ड्यावर झावळ्यांचं छप्पर घाला, वरून येणारं पाणी चर खणून बाजूने वळवा. उघड्या खड्ड्यातला काळा रस खालच्या विहिरीत झिरपतो.

सुपारीवर कोळेरोगासाठी (फळं कुजून गळण्याच्या रोगासाठी) एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, उघडीप बघूनच मारा. मोरचूद माशांना मारक आहे, म्हणून पंप आणि पिंप वहाळात धुऊ नका. धुतलेलं पाणी वहाळापासून आणि विहिरीपासून लांब, बागेतच जिरवा.