प्रोग्राम क्रॅश होतोय? निदान या चुका टाळा

नव्या पोरांना "क्रॅश हँडलर (प्रोग्राम पडताना चालणारा कोड) लिही" म्हटलं की ती सिगसेग्व्हीला, म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला (सेगफॉल्ट) की येणाऱ्या सिग्नलला, एक फंक्शन जोडतात आणि त्यात अख्खा संसार थाटतात. लॉग लिही, उघडी बिलं सेव्ह कर, सर्व्हरला कळव, वर ग्राहकाला 'क्षमस्व' म्हणणारी खिडकीही दाखव. गोव्यात हॉटेलांची, फार्मसींची, घाऊक दुकानांची सॉफ्टवेअरं निस्तरत फिरणं हा माझा धंदा आहे, आणि ह्याच चुका बघून आता कंटाळा आलाय.

मरत्या प्रोग्रामला कामाला लावणं

म्हापशातलं एक घाऊक किराणा दुकान. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा शुक्रवार, म्हणजे बाजाराचा वार. बाहेर गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान मांडलेलं, आत काउंटरला रांग, आणि लिनक्सवरचं बिलिंग थिजलेलं. सरळ पडलं असतं तर बरं झालं असतं, कारण सिस्टमडीत, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा रिस्टार्ट लावलेला होता. पण सिस्टमडीच्या लेखी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) जिवंतच होती, त्यामुळे तो कशाला हात लावतोय! मालक दर दोन मिनिटांनी येऊन "कितें जालें?" विचारत होता.

जीडीबी हा डीबगर लावून स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती उतरंड, पाहिला. सर्वांत वर कुलूप सुटायची वाट पाहणारं फंक्शन, त्याखाली मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन), त्याखाली लॉग लिहिणारं फंक्शन, त्याखाली हँडलर आणि त्याच्याही खाली फ्री (मेमरी परत करणारं फंक्शन). गोष्ट तिथेच कळली. मेमरी आधीच बिघडलेली होती, म्हणून फ्री चालू असतानाच सेगफॉल्ट आला. त्या क्षणी हीपचं, म्हणजे मॅलॉक-फ्री ज्यातून देवघेव करतात त्या मेमरीच्या साठ्याचं, कुलूप त्याच थ्रेडकडे (कामाच्या त्याच धाग्याकडे) होतं. हँडलरने लॉगचं वाक्य जुळवायला मॅलॉककडे जागा मागितली, मॅलॉक कुलूप सुटायची वाट बघत बसला, आणि ते सोडणारं फंक्शन हँडलरखाली अडकलेलं. हा गुंता आपोआप सुटणारा नव्हताच. मी प्रोसेस मारली, रांग हलली.

लिहिणाऱ्या मुलाचं म्हणणं, "सर, टेस्टिंगमध्ये चालत होतं." चालणारच की! त्याने नल पॉइंटर (कुठेच न नेणारा पत्ता) वापरून मुद्दाम पाडून पाहिलं होतं. तेव्हा हीपचं कुलूप कोणाकडेच नसतं. इंटरनेटवरून उचललेले दहा ओळींचे हँडलर असेच टेस्टिंगला पास होतात.

माझी सवय सांगतो. हँडलरमध्ये प्रिंटएफ नाही, मॅलॉक नाही, सी-प्लस-प्लसची स्ट्रिंग नाही. आधीच तयार ठेवलेलं एक वाक्य राइटने लिहायचं, सिग्नलची मूळ वागणूक परत लावायची आणि तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवायचा, म्हणजे कोअर डंपही (पडतानाच्या मेमरीची प्रत) मिळतो. काय चालतं आणि काय नाही, त्याची यादी लिनक्सच्या 'सिग्नल-सेफ्टी' नावाच्या मॅन पेजवर (मदतपानावर) आहे. पाच मिनिटांचं वाचन, पण ते कोण करतो! सिगऑल्टस्टॅकही (हँडलरसाठी वेगळा स्टॅक) लावा, कारण स्टॅकच भरून पडला तर हँडलरला पाय ठेवायला जागा नसते.

विंडोजवर नावं वेगळी, दुखणं तेच. तिथला क्रॅश हँडलर, म्हणजे सेट-अनहँडल्ड-एक्सेप्शन-फिल्टरने लावलेलं फंक्शन, तोही पडलेल्या प्रोसेसच्या पोटातच चालतो. मिनिडंप (डंपची छोटी आवृत्ती) शक्यतो दुसऱ्या प्रोसेसकडून लिहून घ्यावा, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. मी बहुतेक वेळा रजिस्ट्रीत विंडोज एरर रिपोर्टिंगची लोकलडंप्स की (डंप आपोआप साठवणारी नोंद) लावतो आणि कोड लिहायच्या भानगडीत पडत नाही. मॅक तर स्वतःहून लायब्ररीतल्या डायग्नॉस्टिक-रिपोर्ट्स फोल्डरमध्ये रिपोर्ट टाकतो. तिथे बघायचं मात्र कोणाला सुचत नाही. तिन्हीकडे एकच व्यवस्था हवी असेल तर क्रॅश-रिपोर्टिंगची क्रॅशपॅड लायब्ररी वापरा.

पडल्यावर सेव्ह करू, असं म्हणणं

सिगकिल (प्रोसेस जागीच मारणारा सिग्नल) पकडता येत नाही, आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हा ती कुठलाच सिग्नल पाठवत नाही. म्हणून सेव्ह आधीच झालेलं असायला हवं. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा (डेटा डिस्कवर ढकला), मग जुन्या नावावर रीनेम. इथेही सिस्टिमचे नखरे आहेतच. विंडोजवर सीचं साधं रीनेम त्या नावाची फाइल आधीच असेल तर नकार देतं. तिथे मूव्ह-फाइल-एक्स किंवा रिप्लेस-फाइल लागतं. मॅकवर एफसिंक झालं तरी डेटा डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये अडकलेला असू शकतो. खात्री हवी तर एफ-फुलएफसिंक.

बाकीच्या, थोडक्यात

सगळे एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उद्भवणाऱ्या चुका) पकडून गिळून टाकणं. पायथनमधलं 'एक्सेप्ट, पास' (चूक पकड आणि काहीच करू नको) दिसलं की मी पुढचा कोड वाचतच नाही.

खऱ्या सेगफॉल्टच्या हँडलरमधून नुसतं परत येणं. तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा पडते, आणि सीपीयू १०० टक्क्यांवर.

एक्झिट कोड (प्रोग्राम संपल्यावर मिळणारा आकडा) न बघणं. लिनक्सच्या शेलमध्ये १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक दिसतो: १३९ म्हणजे सेगफॉल्ट, १३४ म्हणजे ॲबॉर्ट, १३७ म्हणजे कुणीतरी सिगकिल दिला. १३७ दिसला की आधी डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा. बऱ्याचदा मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच मारलेलं असतं, आणि आपण कोडात बग शोधत बसतो.

सिगटर्मच्या ('आवरून बंद हो' सांगणाऱ्या सिग्नलच्या) भरवशावर विंडोजवर आवराआवर करणं. विंडोज तो सिग्नल पाठवतच नाही. कन्सोल बंद होताना कळायला हवं असेल तर सेट-कन्सोल-कंट्रोल-हँडलर.

सिम्बॉल्स (डंपमधल्या पत्त्यांना फंक्शनची नावं जोडणारी माहिती) फेकून देणं. ग्राहकाकडे गेलेल्या प्रत्येक बिल्डची पीडीबी किंवा डीसिम फाइल जपा. नाहीतर डंपमध्ये नुसते आकडे वाचत बसाल.

आणि डंप व्हॉट्सॲपवर पाठवणं. कळंगुटच्या हॉटेलात परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरणारं सॉफ्टवेअर पडलं, तर त्याच्या डंपमध्ये पासपोर्ट नंबर जसेच्या तसे असू शकतात. डंप त्यांच्याच मशीनवर उघडा, स्टॅक तेवढा उतरवून घ्या आणि फाइल पुसून टाका.