खाता येणारी फिल्म करायला निघालात?

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी खाता येणारं पॅकेजिंग, म्हणजे पदार्थासकट खाऊन टाकायचं पातळ पापुद्र्यासारखं वेष्टन, हा विषय घेतला तेव्हा डोक्यात खूप भारी कल्पना होत्या. पहिल्या आठवड्यात कळलं, आपण साबुदाण्याच्या पापड्याच घालतोय, फक्त मीठ-जिरं नाही.

गंमत सोडा, पद्धत खरंच तीच आहे. 100 मिली पाण्यात 4 ग्रॅम टॅपिओका स्टार्च घालायचा, ढवळत गरम करून खळ करायची, पेट्री डिशमध्ये ओतून ओव्हनमध्ये वाळवायची. नुसता स्टार्च वाळला की काचेसारखा तडकतो, म्हणून ग्लिसरॉल घालतात. मी स्टार्चच्या वजनाच्या 30 टक्क्यांपासून सुरुवात केली होती. ग्लिसरॉल वाढवलं की फिल्म मऊ पडते, आणखी वाढवलं की हाताला चिकटते. ओतण्याआधी खळीतले बुडबुडे काढा. एकेका बुडबुड्याचं नंतर भोक होतं, आणि ताण दिला की फिल्म नेमकी तिथेच फाटते.

माझे सुरुवातीचे दीड महिने मात्र वेगळ्याच कारणाने वाया गेले. एकाच डिशमधली फिल्म एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ निघायची. मी रेसिपी बदलत बसलो. शेवटी लॅबच्या मदतनीस काकांनी ओव्हनच्या फळीवर पाणसळ ठेवून दाखवली. फळीच कललेली होती! तेव्हापासून मायक्रोमीटरने किमान पाच ठिकाणी जाडी मोजल्याशिवाय मी पुढची कुठलीही चाचणी करत नाही. जाडीच चुकली तर ताकद आणि बाष्प-पारगम्यता (फिल्ममधून पाण्याची वाफ किती आरपार जाते ते), दोन्हींचे आकडे चुकतात.

ही बाष्प-पारगम्यता म्हणजे या विषयातली खरी डोकेदुखी. कपात ओल शोषून घेणारं निर्जल कॅल्शियम क्लोराइड भरायचं, तोंडावर फिल्म घट्ट बसवायची, ठरावीक आर्द्रतेत ठेवून दर काही तासांनी वजन करायचं. वजन वाढतं ते फिल्ममधून आत शिरलेल्या वाफेचं. स्टार्चच्या फिल्ममधून पॉलिथिनपेक्षा शेकडो पटींनी जास्त वाफ जाते. मधमाशीचं मेण मिसळलं की थोडा फरक पडतो, पण फिल्म धुरकट दिसते आणि बहुधा कमजोरही होते. त्यातून मुंबईचा जुलै! सकाळी कडक असलेली फिल्म दुपारी ओल्या रुमालासारखी. म्हणून चाचणीआधी नमुने मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर, बंद डेसिकेटरमध्ये (झाकणाच्या हवाबंद भांड्यात), साधारण 53 टक्के आर्द्रतेत दोन दिवस ठेवा. हे टाळलंत तर पावसाळ्यातले आकडे हिवाळ्यातल्या आकड्यांशी जुळणार नाहीत.

आता साहित्य कोणतं निवडायचं? कायटोसान कोळंबीच्या टरफलातून येतं, जंतूंना आवरतं, पण ॲलर्जी असणाऱ्यांचं काय आणि शाकाहारी ग्राहकाचं काय, हे आधीच ठरवा. समुद्री शैवालातलं अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पडलं की लगेच जेल होतं. 2019च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना पेय दिलं ते शैवालापासून केलेल्या अशाच पुड्यांत. तिथे भरल्यावर थोड्याच वेळात पुडी संपते, म्हणून जमलं. महिनोन्‌महिने दुकानात राहणाऱ्या वेफर्सना हे चालणार नाही. शिवाय खाता येणाऱ्या पाकिटाला दहा हात लागले तर त्यावर आणखी एक पाकीट आलंच. म्हणून मला वाटतं, नवख्याने पिशवीच्या मागे न लागता फळांवरचं लेपन किंवा गरम पाण्यात विरघळणारी मसाल्याची पुडी घ्यावी.

आणि लॅबमधली फिल्म चाखू नका. त्या बीकरमध्ये काल कोणी काय ढवळलं होतं, कुणाला ठाऊक!

वाचनात फूड टेक्नॉलॉजीइतकाच वेळ पॉलिमरला द्या. एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2018चे पॅकेजिंग नियमही एकदा नीट वाचून काढा. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी आलेख उघडून तयार होतो. समोरच्या बाईंनी एकच विचारलं, ‘‘मशीनवर तासाला किती मीटर निघेल?’’ माझी एक डिश वाळायला रात्र लागायची.