कापलेल्या फोटोभोवतीची पांढरी कड अशी घालवली

पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला माणूस सिद्धेश्वर तलावाच्या संध्याकाळच्या फोटोवर बसवला की केसांभोवती पांढरी कड दिसायची. मोबाइलवर खपून जाते, फ्लेक्सवर डोळ्यात भरते. फेदर (फोटोशॉपमधली कड मऊ करणारी सेटिंग) वाढवला तर कड उलट पसरली, इरेझरने केसच गेले. डोकं पिकलं.

कडेच्या पिक्सेलमध्ये जुन्या पडद्याचा रंग मिसळलेला असतो. कड मऊ करून तो जात नाही.

फोटोशॉपमध्ये हा क्रम चालला. माणूस सिलेक्ट करून 'सिलेक्ट अँड मास्क' उघडा. व्ह्यू 'ऑन ब्लॅक' ठेवा, पांढऱ्यावर कड कळतच नाही. 'रिफाइन एज' ब्रश फक्त केसांच्या कडेने फिरवा. सदऱ्यावर फिरवला तर कापड अर्धवट पारदर्शक होतं. फेदर 0, 'शिफ्ट एज' (कड आत-बाहेर सरकवणारी सेटिंग) उणे 20च्या आसपास, म्हणजे कड आत सरकते. 'डीकंटॅमिनेट कलर्स' (कडेत मिसळलेला परका रंग काढणारा पर्याय) चालू, आउटपुट 'न्यू लेअर विथ लेअर मास्क'.

तरी एखादी बट पांढरट राहिली तर वर नवा लेअर (थर) घ्या, खालच्याला क्लिप करा, म्हणजे रंग फक्त माणसावरच लागतो, मोड 'मल्टिप्लाय' (खालचा रंग गडद करणारा). ऑल्ट दाबून आतल्या केसांचा रंग उचला, 20 टक्के ओपॅसिटीच्या ब्रशने हलका हात मारा. संध्याकाळचा पिवळेपणा 'कर्व्हज'ने (उजेड आणि रंग बदलणारी सोय) सगळ्यात शेवटी, आणि तेही क्लिप करूनच. नाहीतर तलावही पिवळा होतो.