खाली पब, वर आपण: इंग्लंडमध्ये कौन्सिलकडे तक्रार कशी न्यावी

शुक्रवारची रात्र, पावणेबारा वाजलेत. पोर आत्ता कुठे झोपलंय आणि खालच्या बारमधलं धडधड संगीत जमिनीतून पलंगाच्या पायांत उतरतंय. नगरसेवकाची ओळख काढावी, हा आपला पहिला विचार. तो तूर्त बाजूला ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूचे आणि रात्री उशिरा चालणाऱ्या दुकानांचे परवाने स्थानिक कौन्सिलच देते, २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टखाली. ते परत घ्यायचा अधिकारही तिचाच. फक्त तिला हलवायचं कसं, हे ठाऊक हवं.

सुरुवात लायसन्स वाचण्यापासून करा. कौन्सिलचं परवाना रजिस्टर कुणालाही पाहता येतं, आणि परवान्याचा सारांश दुकानात दिसेल असा लावणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात वेळा असतात आणि अटीही: अमुक वाजल्यानंतर खिडक्या बंद, दारावर सिक्युरिटी, बाहेर सिगारेट ओढायला एका वेळी इतकीच माणसं. अट मोडणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि दंडाला वरची मर्यादा नाही. रात्री ११ ते पहाटे ५ गरम खाणंपिणं विकणाऱ्या टेकअवेलाही परवाना लागतो. गंमत अशी, की रात्री दोनला थंड सँडविच विकायला तो लागत नाही, गरम समोशाला लागतो!

एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात, ५०० पर्यंत श्रोते असतील तर, परवानाधारक पबमधल्या संगीतावरच्या अटी सहसा लागू होत नाहीत. म्हणजे रात्री नऊच्या बँडविरुद्ध ‘अट मोडली’ म्हणून गेलात तर हात हलवत परत याल. तिथे आवाजाच्या उपद्रवाचा वेगळा कायदा आहे, १९९० चा, आणि तो चोवीस तास चालतो.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळी मदार त्यावरच: नोंदवही. तारीख, आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, कोणत्या खोलीत ऐकू आला, खिडकी बंद होती का, झोप किती वेळा मोडली. ‘रोज फार त्रास होतो’ या वाक्याला तिथे शून्य किंमत आहे. मारामारी झाली आणि पोलिसांना फोन केलात, तर त्यांचा रेफरन्स नंबरही लिहून ठेवा.

मग तक्रार योग्य टेबलावर टाका. आवाज असेल तर एन्व्हायर्नमेंटल हेल्थ (आवाज, घाण असे उपद्रव पाहणारा कौन्सिलचा विभाग), वेळा आणि अटी असतील तर लायसन्सिंग टीम. १८ वर्षांखालच्यांना दारू विकत असतील तर ट्रेडिंग स्टँडर्ड्स, म्हणजे विक्रीचे नियम पाळले जातात का ते पाहणारं खातं. हे लोक खऱ्याखुऱ्या अल्पवयीन मुलांना गिऱ्हाईक म्हणून पाठवून दुकानाची परीक्षा घेतात. तीन महिन्यांत दोनदा विक्री पकडली गेली, तर तो वेगळा आणि मोठा गुन्हा ठरतो. बाकी बाबतीत कौन्सिल आधी बोलते, मग पत्र पाठवते, मग रात्री माणूस धाडते. प्रकरण हाताबाहेर गेलं तर दुकान २४ तासांसाठी, वरिष्ठांच्या सहीने ४८ तासांपर्यंत बंद करता येतं, आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या आदेशाने तीन महिन्यांपर्यंत. असं क्वचित घडतं.

एवढ्याने भागलं नाही तर रिव्ह्यू मागा. म्हणजे ‘या परवान्याचा फेरविचार करा’ असा अर्ज. कुणीही करू शकतो, फी नाही. मात्र अर्ज चारच मुद्द्यांवर उभा राहतो: गुन्हे आणि बेशिस्त, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव, मुलांना होणारी हानी. घराची किंमत पडली, पार्किंग मिळत नाही, दारू वाईटच, यातलं काहीही चालत नाही. महाराष्ट्रात बायकांनी ‘आडवी बाटली’ला मतं देऊन दुकानं बंद पाडल्याचं आपण वाचलेलं असतं, इथे हात मोजत नाहीत. माझ्या मते दोनशे सह्यांच्या निवेदनापेक्षा तीन शेजाऱ्यांच्या नोंदवह्या जड पडतात. अर्जाची प्रत त्याच दिवशी परवानाधारकाला आणि पोलीस वगैरे यंत्रणांनाही द्यावी लागते. थोडक्यात, तुमचं नाव खालच्या मालकाला कळणार. ते नको असेल, तर पोलिसांनी किंवा एन्व्हायर्नमेंटल हेल्थने स्वतःच रिव्ह्यू मागावा म्हणून त्यांच्या मागे लागा.

अर्ज लागला की २८ दिवस इतरांनाही लिहिता येतं. मग सुनावणी. समोर तीन कौन्सिलर बसतात. त्यांना आधी गाठून कानात सांगू नका, अंगाशी येईल. ओळखीचा नगरसेवक इथे कामाला येतो: तो त्या तिघांत नसेल तर तुमच्या वतीने उघडपणे बोलू शकतो. समिती अटी बदलू शकते, संगीत किंवा उशिराची विक्री काढून टाकू शकते, जबाबदार मॅनेजर हटवू शकते, परवाना तीन महिन्यांपर्यंत स्थगित किंवा कायमचा रद्दही करू शकते. ‘बंदच करा’ म्हणण्यापेक्षा ‘अकरानंतर मागचं अंगण बंद, आवाजाला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र)’ असं मागा. लंडनचा प्रसिद्ध फॅब्रिक क्लब आठवा: ड्रग्जमुळे दोन १८ वर्षांच्या मुलांचे मृत्यू झाल्यावर इझलिंग्टन कौन्सिलने सप्टेंबर २०१६ मध्ये परवाना रद्द केला, नोव्हेंबरात तडजोड झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये क्लब कडक अटींवर पुन्हा उघडला. शेवटी चर्चा अटींवरच येते.

आणि जर बार अजून उघडायचाच असेल, तर दारावरचा फिकट निळा कागद शोधा. नव्या परवान्याच्या अर्जाची ती नोटीस २८ दिवस लावावी लागते, आणि हरकत घ्यायला याहून सोपी वेळ नाही.

निकाल बाजूने लागला तरी मालकाला २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत सहसा जुनाच परवाना चालू राहतो. यात महिने जातात. नोंदवही तोवर मिटू नका.