लॅम्डावर फाइल अपलोड घेताय? या चुका टाळा

एका ग्राहकाच्या अर्जात कागदपत्रं जोडायची सोय आम्ही एडब्ल्यूएस लॅम्डावर (स्वतःचा सर्व्हर न ठेवता कोड चालवायची ॲमेझॉनची सेवा) केली होती. तपासताना २०० केबीची पीडीएफ टाकली, झकास चालली. पहिल्याच दिवशी फोन आला, "अहो, फोटो चढतच नाहीये." लोक मोबाइलवर काढलेला ५ एमबीचा फोटो तसाच टाकत होते.

बाहेरून आलेल्या विनंत्या लॅम्डाकडे पोचवणाऱ्या एपीआय गेटवेची मर्यादा १० एमबी आहे हे वाचून आम्ही निर्धास्त होतो. पण मागे बसलेला लॅम्डा एका विनंतीत ६ एमबीच घेतो. त्यात गेटवे फाइल बेस-६४ करून (म्हणजे साध्या अक्षरांत बदलून) पुढे देतो आणि तिचा आकार एक तृतीयांशाने फुगतो. ५ चे साडेसहाच्या वर झाले, संपलं. हिशेबाने हातात जेमतेम साडेचार एमबी उरतात. आम्ही आधी मेमरी वाढवून पाहिली. त्याने फक्त बिल वाढतं.

फाइल फंक्शनमधून (लॅम्डावर चालणाऱ्या आपल्या कोडमधून) नेऊच नका. फंक्शनने एस-थ्रीची (ॲमेझॉनची फाइली साठवायची सेवा) प्रीसाइन्ड यूआरएल, म्हणजे आधीच सही केलेली तात्पुरती लिंक, द्यावी आणि ब्राउझरने फाइल थेट बकेटमध्ये (एस-थ्रीवरच्या आपल्या कप्प्यात) टाकावी. एका पुटमध्ये (एका अपलोड विनंतीत) ५ जीबीपर्यंत जाते, त्यापुढे मल्टिपार्ट, म्हणजे तुकड्यातुकड्याने. मात्र पुटच्या यूआरएलवर 'इतक्या एमबीच्या आतच' अशी अट घालता येत नाही. ती हवी असेल तर प्रीसाइन्ड पोस्ट (फॉर्मच्या रूपातला अपलोड) घ्या आणि त्यात कंटेंट-लेंग्थ-रेंज लावा.

यूआरएल दिल्यावर ४०३ ('परवानगी नाही') आला तर आधी कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार सांगणारं हेडर) बघा. सही करताना एक आणि पाठवताना दुसरा असेल तर सही जुळत नाही. पोस्टमनमधून (विनंत्या तपासायचं साधन) चालतं पण ब्राउझरमधून नाही, असं असेल तर बकेटचं कॉर्स (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या ब्राउझरला द्यायची परवानगी) लावायचं राहिलंय.

छोट्या फाइली गेटवेमधूनच घ्यायच्या असतील तर बायनरी मीडिया टाइप्स (कोणत्या प्रकारच्या फाइली साधा मजकूर नाहीत, याची यादी) नोंदवायला विसरू नका. विसरलात तर पीडीएफ उघडते, पानंही बरोबर तेवढीच दिसतात, पण सगळी कोरी! पानांचा सांगाडा साधा मजकूर असल्याने तगतो, आतले बाइट्स मात्र यूटीएफ-८ मजकूर समजून वाचताना मोडतात.

आता आपल्याकडची खास भानगड. कोणीतरी 'सातबारा उतारा.पीडीएफ' चढवतं. एस-थ्रीच्या इव्हेंटमध्ये (फाइल आल्याची फंक्शनला मिळणारी सूचना) ते नाव टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन येतं आणि मधल्या स्पेसच्या जागी अधिकचं चिन्ह असतं. तसंच वापरलं तर फाइल सापडत नाही. वर फंक्शनला लिस्ट-बकेटची (बकेटमधली यादी बघण्याची) परवानगी नसेल तर एस-थ्री 'फाइल नाही' न म्हणता 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतं. मग माणूस अर्धा दिवस आयएएमच्या (परवानग्या ठरवणाऱ्या) पॉलिसी चाळत बसतो. मी बसलोय. नाव पूर्ववत करायला पायथनमध्ये अनक्वोट-प्लस वापरा. जावास्क्रिप्टचं डीकोड-यूआरआय-कॉम्पोनंट अधिकचं चिन्ह तसंच ठेवतं, म्हणून आधी त्या जागी स्पेस घाला, मग डीकोड करा. त्याहून बरं म्हणजे फाइलचं बकेटमधलं नाव म्हणून यूयूआयडी (आपोआप बनणारा एकमेव ओळख-क्रमांक) ठेवा आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये.

लॅम्डाचं तात्पुरत्या फाइलींचं टीएमपी फोल्डर मुळात ५१२ एमबीचं असतं आणि तोच कंटेनर (फंक्शन चालतं ती जागा) पुन्हा वापरला गेला की आधीच्या फाइली तिथेच पडलेल्या असतात. काम झालं की पुसा, नाहीतर दुपारपर्यंत सुरळीत चाललेलं फंक्शन संध्याकाळी 'जागा नाही' म्हणून पडतं.

आणि फोटो आला की फंक्शन त्याचं थंबनेल (छोटं चित्र) बनवत असेल तर ते त्याच बकेटमध्ये, त्याच प्रीफिक्सखाली (फोल्डरसारखी नावाची सुरुवात) लिहू नका, नाहीतर ते लिहिलं की फंक्शन पुन्हा सुरू होतं. थंबनेलचं थंबनेल, त्याचं पुन्हा थंबनेल... लॅम्डा हल्ली असं चक्र साधारण १६ फेऱ्यांनी तोडतो, तरी दुसरी बकेट उघडायला दोन मिनिटं लागतात.