ग्रिपरची सर्व्हो गेली? नवीन बसवायच्या आधी जुनी कशानं गेली ते बघा

रोबोटचा पकडायचा पंजा, म्हणजे ग्रिपर, हलंना झाला की पोरं लगेच नवीन सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर फिरणारी छोटी मोटर) मागवतात, लातूर-परभणीकडं पार्सल यायला वेळ लागतो तो वेगळाच, आणि आली की बसवतात आणि तीबी थोड्याच दिवसात जाते. कारण मूळ दुखणं तसंच राहतं, म्हणून आधी तपासणी.

सप्लाय बंद करा, हॉर्नचा (मोटरच्या दांड्यावर बसणाऱ्या छोट्या पट्टीचा) स्क्रू काढून मोटर पंज्यापासून सुटी करा आणि एकटीच चालवून बघा. एकटी नीट फिरायली तर मोटर चांगली हाय, पंजाच अडकतोय. आपल्याकडं हे लई होतं, पीएलए या प्लास्टिकचे थ्रीडी प्रिंट ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला पंजा वाकतो. आतून कर्रकर्र आवाज येतो पण हॉर्न फिरंना, तर गिअरचे दात गेले. नुसती थरथरती, तर आधी सप्लाय बघा. एसजी९० या नेहमीच्या छोट्या सर्व्होला ४.८ ते ६ व्होल्ट लागतात आणि अडकली की ती अर्ध्या अँपिअरच्या वर ओढते, आर्डुइनोच्या (मोटरला हुकूम देणाऱ्या बोर्डाच्या) ५ व्होल्ट पिनवर तेवढा भार टाकूच नका. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरीबी चालत नाही, तिच्यात तेवढा करंटच नसतो. चार पेन्सिल सेलचा होल्डर वेगळा लावा, मात्र त्याचा मायनस आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडायलाच पाहिजे, नाहीतर सिग्नल पोचत नाही.

दात गेले असतील तर खालचे चार लांब स्क्रू काढा, वरचं झाकण उचला, गिअर हलवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. गिअर सेट मिळाला तर बदला, थोडं ग्रीस लावा. मोटरच जळली असेल, वास येतोच, तर उघडत बसू नका, नवीन घ्या. माझं मत विचाराल तर पंज्यासाठी एमजी९०एस ही सर्व्हो घ्या, गिअर धातूचे असतात आणि माप जवळपास तेच. हॉर्न मात्र नव्या पाकिटातलाच वापरा, जुन्याचे खाचे जुळतीलच असं नाही.

आता खरं काम. हॉर्न लावायच्या आधी मोटरला कोडमधून ९० अंशावर आणा, मग पंजा अर्धा उघडा धरून हॉर्न बसवा. वायर तपकिरी ग्राउंडला, लाल प्लसला, केशरी सिग्नलला.

मग बंद व्हायचा कोन ठरवा, बहुतेक मोटरी इथंच मरतात. कोडमध्ये ० अंश लिहिलेला असतो आणि मधी वस्तू असती, मोटर बिचारी तिथंच जोर लावत तापत राहते. वस्तू मधी ठेवून दोन-दोन अंशानं बंद करत जा, टेकली की अजून तीन-चार अंश, बास, तोच शेवटचा कोन. एसजी९० चा जोर १.८ किलो-सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ६ सेंटीमीटर लांब बोटाच्या टोकाला ढोबळमानानं ३०० ग्रॅम, तोबी पूर्ण अडकल्यावरचा. लिंबू उचलंल, जालन्याची भरलेली मोसंबी उचलायला लावू नका.

शेवटी पंज्यात वस्तू धरून पाच मिनिटं ठेवा आणि मोटरला हात लावून बघा. चटका बसायला तर कोन अजून दोन अंशानं सैल करा.