पिकअपचं स्टिअरिंग वाकडं? अलाइनमेंटला पळण्याआधी या चुका टाळा

"गाडी जरा एका बाजूला ओढतेय, तेवढी अलाइनमेंट मारून द्या." रोगही गिऱ्हाईकच सांगतं आणि औषधही, आपण फक्त पुडी बांधायची. त्यात पिकअप म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त माल लादायचा, खड्ड्यांतून पळवायची आणि पुढचं सगळं खिळखिळं झालं की मशीनवर नेऊन उभी करायची.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजून जागेवर आणणं, बस. ते कोन धरून ठेवणारा टायरॉड, बॉल जॉइंट किंवा बुशच ढिला असेल तर मशीनवरून उतरताना पहिल्या धक्क्यालाच आकडे हलतात. खुंटी सरकत असली की तंबोरा कितीदाही लावा, उतरतोच. म्हणून माझ्याकडे अलाइनमेंट सगळ्यात शेवटी होते, आणि लोकांना तीच आधी हवी असते.

फक्त पुढची चाकं बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एकदा एक डबल केबिन पिकअप आली. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. तक्रार एवढीच, की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं. तोवर तीनदा अलाइनमेंट झाली होती, दोन्ही टायरॉड एंड नवे, पुढचे दोन्ही टायर नवे. मालकाने तिन्ही वेळचे कागद फाइलला लावून ठेवले होते. तिन्हींवर पुढचा टो (वरून पाहता चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते माप) अगदी नेमका, आणि मागच्या चाकांचे रकाने कोरे.

मी एक चक्कर मारून आलो. ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला जायचं, ब्रेक लावला की दुसऱ्या. मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी पडलो अनुभवी, ब्रेकचा कॅलिपर अडकला असणार म्हणून आधी ब्रेक खोलून बसलो. अर्धा दिवस गेला. ब्रेक ठणठणीत.

संध्याकाळी गाडी मागे घेतली तेव्हा ती धुण्याच्या ओल्या जागेतून कोरड्या फरशीवर आली आणि मागे टायरांचे ओले पट्टे उमटले. एका बाजूला मागच्या टायरचा पट्टा पुढच्याच्या दोन बोटं आत, दुसऱ्या बाजूला तेवढाच बाहेर. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. मग चाकं सरळ करून टेप लावला: पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला 14 मिमी कमी भरलं.

खाली शिरलो. त्या बाजूला पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टांच्या पट्टीभोवती लाल गंजाची भुकटी होती, आणि पाटा जिथे एक्सलवर बसतो तिथे नव्या नाण्यासारखी चकाकणारी एक रेघ. लोखंड लोखंडावर घासल्याशिवाय अशी रेघ पडत नाही. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता. त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात, उरलेला बोल्ट वर पाट्यात.

"पाटे कधी खोलले होते?"

"एक पाटा वाढवून घेतला होता मिस्त्री. पण त्याचा स्टिअरिंगशी काय संबंध?"

संबंध असा. पाटा वाढवताना यू बोल्ट जुनेच वापरले आणि नंतर त्यांना कुणी पान्हा लावला नाही. यू बोल्ट सैल पडले की सगळी ओढ सेंटर बोल्टवर येते. तो बिचारा एक्सल जागेवर बसवण्यापुरता असतो, ओढ सोसायला नाही. तो तुटला आणि एक्सल एका बाजूने पुढेमागे सरकायला लागला. मागची चाकं जिकडे ढकलतात त्या दिशेचा गाडीच्या मध्यरेषेशी जो कोन होतो त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो शून्यावर नसला की गाडी सरळ न्यायला ड्रायव्हरला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. दर वेळी पुढचे टायरॉड फिरवून स्टिअरिंग तेवढं सरळ करून दिलं, एक्सल पुन्हा सरकला, स्टिअरिंग पुन्हा वाकडं.

"मागचा अख्खा एक्सल ॲडजस्टच होत नाही, मग मोजायचा कशाला?" असं मला तोंडावर विचारणारे आहेत. ॲडजस्ट होत नाही म्हणूनच मोजायचा. तिथे आकडा चुकला तर काहीतरी तुटलंय, वाकलंय किंवा सरकलंय. पाट्याची कुठलीही गाडी आली की मी आता टेपने दोन मापं आधी घेतो, पाना-पेटी नंतर उघडतो.

चाक हवेत उचलायचं, हलवायचं आणि निकाल द्यायचा

जॅक लावला, चाक धरून गदागदा हलवलं, "बॉल जॉइंट गेलाय" म्हणून सांगितलं. मीही सुरुवातीला हेच करायचो. एकदा एका गाडीचे दोन्ही खालचे बॉल जॉइंट बदलले आणि चाक होतं तसंच हलत राहिलं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, हबच्या बेअरिंगमध्ये होता. नवे जॉइंट माझ्या खिशातून गेले, आणि धडा असा स्वस्तात मिळत नाही.

चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवा. हलतंय? मग मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा. 3 आणि 9 वर धरून हललं आणि 12-6 वर नाही, तर टायरॉड किंवा स्टिअरिंगचा मामला. जॅक कुठे लावलाय यानेही निकाल बदलतो. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, जमेल तितका चाकाजवळ लावायचा. चॅसिसखाली लावलात तर स्प्रिंगच जॉइंट दाबून धरते आणि पार झिजलेला जॉइंटही घट्ट लागतो.

टायरॉडची परीक्षा मात्र चाकं जमिनीवर ठेवूनच. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. इंजिन चालू, म्हणजे पॉवर स्टिअरिंग जोर देईल. आत बसलेल्याने स्टिअरिंग पाव फेराहूनही कमी, झटके देत डावी-उजवीकडे हलवत राहायचं. तुम्ही खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं: स्टिअरिंगची दिशा बदलते त्या क्षणी झिजलेला सांधा टक् करून बोटांवर टिचकी मारतो. टायरॉड एंड, आयडलर आर्म, पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा), रॅकचे बुश, बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट, सगळीकडे हात फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे. नवशिक्या पोरांना मात्र खाली आडवं व्हायचा कंटाळा, त्यांना स्कॅनर जोडायची घाई. झिजलेल्या बॉल जॉइंटचा एरर कोड येत नाही रे बाबा.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळणं

ज्या पिकअपला रॅक नसून जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स असतो, त्याच्यावर लॉकनटवाला एक स्क्रू असतो. स्टिअरिंग मोकळं फिरतं म्हणून तो आवळायचा, हा शॉर्टकट कुणी शोधला त्याला माझा लांबूनच नमस्कार. बॉक्सचे दाते मुळातच मध्यावर सगळ्यात घट्ट बसतात. स्क्रू जास्त पिळला की नेमके मध्यावरच अडकतात, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरत राहावी लागते. दाते झिजतात ते वेगळंच. आणि बऱ्याचदा प्ले बॉक्समध्ये नसतोच, तो स्टिअरिंग शाफ्टच्या जॉइंटमध्ये किंवा पिटमन आर्मच्या टोकाला निघतो. मी त्या स्क्रूला सगळं तपासून झाल्यावरच हात लावतो, आणि तोही लॉकनट कुठे होता त्याची खूण करून.

बाकीच्या, पटापट

हवा न तपासता गाडी ओढते म्हणणं. यावर मी बोलतही नाही, गेज हातात देतो.

ओढणाऱ्या गाडीचे पुढचे दोन टायर आपसात बदलून न बघणं. ओढ बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. फिरण्याची दिशा ठरलेले टायर असतील तर तेवढे सोडा.

रस्त्याचा उतार विसरणं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. गाडी हळूच कडेकडे सरकली तर तो आजार नव्हे.

ओढतेय म्हणून टो फिरवत बसणं. पुढचा टो दोन्ही चाकांत आपोआप वाटला जातो, त्याने गाडी ओढत नाही. दोन बाजूंच्या कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांमधल्या फरकाने ओढते: कॅम्बर जिकडे जास्त पॉझिटिव्ह तिकडे, आणि कॅस्टर जिकडे कमी पॉझिटिव्ह तिकडे. टो खातो तो टायर. 700 मिमी व्यासाच्या टायरवर दर चाकाला दीड मिमी टो जास्त असला तर तो टायर दर किलोमीटरला सुमारे दोन मीटर आडवा घासला जातो. तळहात ट्रेडवर आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून बघा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर तो टोच. धार गाडीच्या आतल्या बाजूला असेल तर टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) जास्त, बाहेर असेल तर टो-आउट (पुढून बाहेर वळलेली).

ट्रेडवर ठिकठिकाणी खळगे पडलेत म्हणून अलाइनमेंट करणं. आधी शॉकअप बघा, मग बॅलन्सिंग.

गाडी उंच करून घ्यायची आणि मग "हायवेला तरंगते" म्हणायचं. उंची वाढली की पुष्कळ गाड्यांत कॅस्टर कमी होतो, टायरॉड तिरके बसतात. दिसायला वाघ, चालायला बदक.

दोन्ही पुढची चाकं एकाच अख्ख्या एक्सलवर असलेली गाडी खड्ड्यावर थरथरायला लागली की नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा शॉकअप) बसवणं. त्याने थरथर थोडे दिवस झाकली जाते, आणि ट्रॅक बारचा, म्हणजे एक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचा, ढिला बोल्ट तिथेच राहतो.

आर्मचे रबरी बुश चाक लोंबकळत असताना कायमचे आवळणं. गाडी जमिनीवर, स्वतःच्या उंचीवर उभी करून आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.

कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून आरपार घालायची पिन) भोक जुळत नाही म्हणून नट मागे फिरवणं. पुढेच न्या, पुढचं भोक जुळेपर्यंत. इथे मला वाद नको.

इलेक्ट्रिक स्टिअरिंग किंवा स्टॅबिलिटी कंट्रोलच्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा अँगल सेन्सर शून्यावर न आणणं. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शिव्या आम्ही खातो.

त्या डबल केबिनला नवा सेंटर बोल्ट आणि दोन्ही बाजूंचे नवे यू बोल्ट बसवले. एकदा ताणलेला यू बोल्ट मी परत वापरत नाही. टॉर्क पान्ह्याने आवळून आठही नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आणि मालकाला सांगितलं, पाचशे किलोमीटर चालवा आणि परत या. आला तेव्हा एकही रेघ हललेली नव्हती, आणि तो दारातूनच म्हणाला, "सगळ्या जागेवर आहेत मिस्त्री, राहू द्या." नट फिरला नाही एवढंच रेघ सांगते. पाटे आणि नवे बोल्ट बसले, दबले की नट न फिरताही ताण उतरतो. पान्हा लावला. आठपैकी तीन नट आणखी घट्ट झाले.